खोलीचे भाडे थकले तर

(आष्टी येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. एक बीडकडे आहे, एक वर्ध्याकडे आहे. आपली आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरचं एक तरी माणूस बाहेरगावी आहे. कोणाचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे. कोणाची लेक नि जावई छत्रपती संभाजीनगरला बांधकामावर आहेत. कोणाचा नातू तिथेच कॉलेजात शिकतो. परतूरच्या स्टेशनावर गाडीत पाय ठेवला, की माणूस भाड्याच्या खोलीत गेला असे समजा.

गावातले घर पडके असले तरी आपले असते. पहिली तारीख आली म्हणून कोणी कडी वाजवत नाही. शहरात तसे नाही. तिथे दहा फुटांची खोली असते. महिना भरला की भाडे द्यावे लागते. एक महिना चुकला तर बोलणी बसतात. तीन महिने चुकले तर मालक म्हणतो, "खोली खाली करा."

अशा वेळी काय करावे, हे आज आम्ही सांगणार आहोत. आपण आता अक्षर ओळखता, आकडा वाचता, सही करता. या विद्येचा उपयोग अशाच ठिकाणी होतो.

भाडे कोणी हौसेने थकवत नाही. कामावरून कमी केले जाते. घरात दुखणे येते. ठेकेदार मजुरी अडकवून ठेवतो. सोयाबीन पावसात भिजते, आणि गावाकडून पोराला जायचे पैसे जात नाहीत. हे कोणावरही येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण लाजेपोटी माणूस गप्प बसतो, आणि पुढचे नुकसान त्यातूनच होते.

आम्ही दोन बिऱ्हाडांची गोष्ट सांगतो. दोन्ही आपल्याच भागातली. माणसे आपली आहेत, म्हणून नावे घेत नाही.

पहिले बिऱ्हाड गवंडीकाम करणाऱ्याचे. नवरा, बायको आणि दोन लेकरे. खोलीचे भाडे महिन्याला ३,५०० रुपये. नवरा परांचीवरून पडला, पाय मोडला. काम बंद झाले. तीन महिन्यांचे भाडे थकले. मालक दोनदा येऊन बोलून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा यांनी आतून कडी लावली आणि लेकरांना गप्प बसवले. मग एका रात्री गाठोडी बांधली आणि पहाटेच्या एसटीने गाव गाठले. खाट, शेगडी, भांडी तिथेच राहिली. महिना फेब्रुवारीचा होता. मोठी मुलगी दहावीला होती. परीक्षा मार्चात होती. मुलगी गावी आली ती आलीच. तिची परीक्षा बुडाली.

आता जरा हिशेब करू. थकलेले भाडे किती? तीन महिन्यांचे १०,५०० रुपये. खोली घेताना त्यांनी मालकाकडे डिपॉझिट किती ठेवले होते? १०,००० रुपये. म्हणजे वरचे देणे किती उरले? फक्त ५०० रुपये! "आमचे डिपॉझिट भाड्यात वळते करा, आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत राहू द्या," एवढे विचारायचे होते. मालक हो म्हणाला असता की नाही, ते सांगता येत नाही. पण विचारलेच नाही. पाचशे रुपयांच्या देण्यापायी पोरीचे एक वर्ष गेले.

दुसरे बिऱ्हाड कारखान्यात काम करणाऱ्याचे. ठेकेदाराने त्याला कमी केले. त्याची बायको चार बुके शिकलेली. भाडे द्यायची तारीख यायच्या आधीच ती मालकिणीकडे गेली. मालकीण म्हातारी विधवा होती. भाड्यावरच तिचे औषधपाणी चाले. ही म्हणाली, "मावशी, काम सुटलं आहे. या महिन्याला १,५०० घ्या. बाकीचे २,००० पुढच्या चार महिन्यांत पाचशे-पाचशे करून देते." म्हातारी आधी कुरकुरली. पण तिलाही कळले, की बाई पळणारी नाही. दोघींनी कागदावर लिहिले आणि सह्या केल्या. गावाकडे सासूच्या बचत गटाने ५,००० रुपये कर्ज दिले. त्यातून दुसरा महिना निघाला. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याला काम लागले. ते बिऱ्हाड अजून त्याच खोलीत आहे.

दोन्ही घरी अडचण सारखीच होती. एकाने तोंड लपवले, दुसऱ्याने तोंड उघडले. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात धरा. भाडे चुकणार असे दिसले, की तारखेच्या आधी मालकाला भेटा. जेवढे जवळ असेल तेवढे द्या. बाकीचे कधी देणार, ते खरे सांगा. मालकही माणूस आहे. त्यालाही घर चालवायचे असते, कर्जाचा हप्ता भरायचा असतो. पळालेल्या भाडेकरूपेक्षा थांबलेला भाडेकरू त्याला बरा वाटतो.

दुसरी गोष्ट पावतीची. जेवढे द्याल तेवढ्याची पावती घ्या. पाचशे दिले तरी पाचशेची पावती. भाड्याची पावती देणे हे मालकावर कायद्याने बंधन आहे. फोनवरून पैसे पाठवले असतील, तर तो हिशेब पुसून टाकू नका. सगळ्या पावत्या एका पिशवीत ठेवा. रेशनकार्डाला जपता, तसे त्यांना जपा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

भाडेकरूला कायद्याचा आधार मिळाला, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. आधी दूरच्या एका शहराची हकीकत ऐका. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचे शहर आहे. १९१५ साली पहिले महायुद्ध चालू होते. पुष्कळ घरची माणसे लढाईवर गेली होती. शहरात कारखान्यांचे काम वाढले, खोल्यांना मागणी वाढली, आणि मालकांनी भाडी वाढवली. मेरी बार्बर नावाच्या एका बाईने गल्लीगल्लीतल्या बायकांना एकत्र केले. "वाढीव भाडे देणार नाही," असे त्यांनी ठरवले. कोणाला बाहेर काढायला अंमलदार आले, की बायका घंटा वाजवून गोळा होत आणि वाट अडवून उभ्या राहत. हजारो कुटुंबे त्यात सामील झाली. त्याच वर्षी सरकारला कायदा करावा लागला. युद्ध सुरू झाले त्या वेळी, म्हणजे ऑगस्ट १९१४ मध्ये, जे भाडे होते तेवढेच घ्यायचे, असे त्यात ठरले.

आपल्याकडे मुंबईत १९१८ साली भाड्यांना आळा घालणारा कायदा आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचे राज्य १९४८ साली गेले. मग १९५४ साली हैदराबाद राज्याने घरभाड्याचा कायदा केला, तो मराठवाड्यात पुढेही चालू राहिला. आज साऱ्या राज्यासाठी एक कायदा आहे. त्याचे नाव महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्यात थकलेल्या भाड्याविषयी काय आहे? नीट ऐका, कारण यात दोन मुदती आहेत आणि दोन्ही ९० दिवसांच्या आहेत.

भाडे थकले म्हणून मालक लगेच कोर्टात जाऊ शकत नाही. त्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस जावे लागतात. तोवर दावा लावता येत नाही. ही पहिली मुदत.

समजा, त्या ९० दिवसांतही भाडे दिले नाही आणि मालकाने दावा लावला. मग कोर्टाचे समन्स येते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळे थकलेले भाडे कोर्टात भरले, त्यावर वर्षाला शेकडा १५ प्रमाणे सरळ व्याज भरले, दाव्याचा खर्च कोर्ट सांगेल तसा दिला, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचे भाडे भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून कोर्ट त्याला बाहेर काढत नाही. ही दुसरी मुदत.

यावरून एक ओळखा. नोटीस किंवा समन्स आले, तर ते घ्या. "मी घेत नाही" म्हणून पोस्टमनला परत पाठवू नका. घेतले नाही म्हणून मुदत थांबत नाही. कागदावर तारीख लिहून ठेवा आणि ९० दिवस मोजा.

मालकाला स्वतःच्या हाताने तुमचे सामान रस्त्यावर टाकता येत नाही. जिथे हा कायदा लागू आहे तिथे पाणी तोडणे, वीज तोडणे, अशा युक्तीने भाडेकरूला हुसकावणे याला मनाई आहे. तसे झाले तर कोर्टाकडे दाद मागता येते. कोणी दांडगाई करू लागला, तर ११२ नंबर फिरवून पोलिसांना बोलवा.

आता कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अर्धी गोष्ट सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही.

हल्ली शहरात बहुतेक जण ११ महिन्यांचा करार करतात. त्याला 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात. या करारात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू होत नाही. आपल्याला त्या खोलीत राहण्याची तेवढ्या मुदतीपुरती परवानगी असते. मुदत संपली की खोली सोडावी लागते. ९० दिवसांची सवलत अशा माणसाला मिळत नाही. मुदतीनंतर अडून बसला, तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. तरीही मालकाला बळजबरी करता येत नाही. त्याला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून हुकूम आणावा लागतो.

आणखी एक. हा कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. मोठ्या शहरांना तो आहे. शहराबाहेरच्या वस्तीत खोली असेल, तर कायदा तिथे लागू आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचा. किती महिन्यांचा करार आहे? डिपॉझिट किती? ते परत कधी मिळणार? खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे? या चार गोष्टी बोटाखाली धरून वाचा. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

कोणी म्हणेल, "मास्तर, कायदा ठीक आहे, पण पैसा कुठून आणायचा?" प्रश्न बरोबर आहे.

खरे सांगायचे तर, थकलेले भाडे भरून देणारी अशी सरकारी खिडकी आपल्याकडे नाही. अमेरिकेत करोनाच्या साथीत तशी सोय झाली होती. डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने भाडे थकलेल्या लोकांसाठी मिळून सुमारे ४,६०० कोटी डॉलर मंजूर केले. पण तिथेही पैसा लोकांपर्यंत पोचायला वेळ लागला. अर्ज लांबलचक होते. उत्पन्नाचा दाखला, भाड्याचा करार असे कागद लागत होते. ज्यांच्याकडे कागद नव्हते ते मागे पडले. श्रीमंत देशातही मदतीची वाट कागदावरूनच जाते.

त्याच साथीत आपल्याकडे काय झाले? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. २९ मार्चला केंद्र सरकारने हुकूम काढला, की मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये, आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना खोलीतून काढू नये. १७ एप्रिलला आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितले, की भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला आणि भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर काढू नका. तरीही कित्येक माणसे खोल्या सोडून पायी निघाली. कामच नाही तर पुढचे भाडे कुठून द्यायचे, ही धास्ती होती. शिवाय असा हुकूम निघाला आहे, ही बातमी सगळ्यांपर्यंत पोचली नाही.

त्या दिवसांत बांधकाम मजुरांच्या मंडळाने मजुरांच्या बँक खात्यात पैसे टाकले. एप्रिल २०२० मध्ये २,००० रुपये आणि एप्रिल २०२१ मध्ये १,५०० रुपये जाहीर झाले. कोणाला? ज्यांची मंडळात नोंद होती त्यांना. शेजारी शेजारी काम करणारे दोन मजूर. एकाला मिळाले, दुसऱ्याला नाही. म्हणून आपल्या घरचे कोणी बांधकामावर असेल, तर नोंदणी करून घ्या. वय १८ ते ६० हवे आणि गेल्या वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला हवा. संकट आल्यावर नोंदणीला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

शिकणाऱ्या मुलांसाठी मात्र राहण्याच्या खर्चाला खरोखर मदत आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये ठरले आहेत. त्यात राहण्याचे २०,००० आहेत. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरासाठी ५१,००० आहेत. त्यात राहण्याचे १५,०००. आदिवासी मुलांसाठी आणि इतर मागासवर्गीय मुलांसाठीही अशा निराळ्या योजना आहेत. कॉलेजात नाव घातले, की त्याच आठवड्यात समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. हा पैसा दर पहिल्या तारखेला हातात पडत नाही. तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांची तजवीज घरूनच ठेवा.

रेशनचेही ध्यानात ठेवा. आपल्या कार्डावरचे धान्य आता शहरातल्या दुकानातही घेता येते. आष्टीचे कार्ड आहे म्हणून आष्टीलाच यावे लागत नाही. धान्याचे पैसे वाचले, तर ते भाड्याला लागतात.

आता कर्जाचे बोलू. अडलेला माणूस सावकाराकडे जातो. समजा, १०,५०० रुपये काढले आणि महिन्याला शेकडा १० व्याज ठरले. महिन्याचे व्याज १,०५० रुपये. वर्षाचे १२,६००. मुद्दल तसेच उभे! तेच पैसे बचत गटाकडून महिन्याला शेकडा २ ने घेतले, तर महिन्याचे व्याज २१० रुपये. आणि कोर्टाचे व्याज किती? वर्षाला शेकडा १५, म्हणजे १०,५०० वर वर्षभराचे १,५७५ रुपये. तिन्ही आकडे पाटीवर एकाखाली एक लिहा आणि बघा. सावकाराला घाईघाईने शरण जाण्याचे कारण उरत नाही.

मायबहिणींनो, तुमच्या गटाला आम्ही एक सुचवतो. नेहमीच्या बचतीखेरीज महिन्याला वीस-वीस रुपये निराळे टाका. बारा बायका असतील तर महिन्याला २४० रुपये, वर्षाला २,८८०. बाहेरगावी कोणाच्या लेकराची खोली सुटायची वेळ आली, तर एवढे पैसे त्याच दिवशी उपयोगी पडतील. फेडल्यावर ते पुन्हा दुसऱ्याच्या कामी येतील.

शेवटी वकिलाची गोष्ट. गरिबाला वकील फुकट मिळतो. १९८७ साली त्यासाठी कायदा झाला. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, अपंग असेल, कारखान्यातला कामगार असेल, तर उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला ३ लाख रुपयांच्या आत उत्पन्न असावे लागते. जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज द्यायचा. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. हे पाच आकडे आज घरी जाऊन भिंतीवर लिहा, आणि बाहेरगावच्या पोरालाही कळवा.

आता एक पत्र वाचू. भाडे थकणार असे दिसले, की असे पत्र मालकाला द्यावे. सर्वांनी माझ्यामागून मोठ्याने म्हणा.

"श्री. घरमालक यांस, नमस्कार. मी आपल्या खोलीत ______ पासून राहतो. दरमहा ______ रुपये भाडे वेळेवर देत आलो. माझे काम ______ तारखेपासून बंद आहे. या महिन्याच्या भाड्यापैकी ______ रुपये आज देत आहे. त्याची पावती द्यावी. उरलेले ______ रुपये ______ तारखेपर्यंत देईन. तोवर आम्हाला खोलीत राहू द्यावे, ही विनंती. आपला, ______."

पत्राच्या दोन प्रती करा. एक मालकाला द्या. दुसरीवर त्याची सही आणि तारीख घेऊन पावत्यांच्या पिशवीत ठेवा. रिकाम्या जागी काय भरायचे, ते उद्या वर्गात शिकू. येताना प्रत्येकाने बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसाला विचारून यावे, की तुझे भाडे किती, डिपॉझिट किती, आणि कागद कुठे ठेवला आहेस? उत्तर पाटीवर लिहून आणा. त्याच आकड्यांवरून उद्या आपण हे पत्र पुरे करू.